टॉमी जॉनच्या सहाशेहून अधिक डबल प्लेंचे श्रेय नेमके कोणाचे?

पूर्वरंग यांचा प्रश्न

गेली काही वर्षे मी मेजर लीग बेसबॉलची आकडेवारी आवडीने वाचत आहे आणि सध्या एका आकड्यापाशी अडलो आहे. कारकिर्दीत सर्वाधिक डबल प्ले घडवून आणणाऱ्या पिचरांच्या (म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्यांच्या) यादीत टॉमी जॉन पहिला आहे. १९६३ ते १९८९ या काळात २६ मोसम खेळलेल्या या डावखुऱ्या पिचरच्या चेंडूंवर सहाशेहून अधिक वेळा फलंदाजाने चेंडू जमिनीवरून मारला आणि एकाच खेळीत दोघे बाद झाले.

माझी पहिली अडचण अशी, की मी क्रिकेट पाहत वाढलो आणि तिथे धावबाद झालेला फलंदाज गोलंदाजाच्या खात्यात जमा होत नाही. डबल प्लेमध्येही चेंडू अडवतो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, दुसऱ्या बेसवर तो झेलून वळतो सेकंड बेसमन आणि शेवट करतो फर्स्ट बेसमन. पिचर बहुतेक वेळा चेंडूला पुन्हा हातही लावत नाही. मग ही खेळी त्याच्या नावावर का मोजायची?

दुसरी अडचण मला अधिक सतावते. डबल प्ले व्हायचा तर पहिल्या बेसवर आधी कोणीतरी असावे लागते, आणि त्याला तिथे बहुधा त्याच पिचरने पोहोचू दिलेले असते. जॉनने कारकिर्दीत ४७१० इनिंग (तिघे बाद होईपर्यंतचा एक डाव) टाकल्या आणि ४७८३ हिट (फलंदाजाला बेस मिळवून देणारे फटके) दिल्या, म्हणजे सरासरी प्रत्येक इनिंगला एकाहून किंचित जास्त. ज्याच्याविरुद्ध फलंदाज वारंवार बेसवर पोहोचतात त्यालाच डबल प्लेची संधी वारंवार मिळणार. तेव्हा हा विक्रम पिचरच्या कौशल्याचा मानावा, की आपणच केलेला पसारा आवरण्याचा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

सहाचारतीन यांचे उत्तर

आपला प्रश्न रास्त आहे, पण धावबादची तुलना मला पटत नाही. धावबाद हा बहुतेक वेळा दोन फलंदाजांच्या चुकीच्या अंदाजातून घडतो. डबल प्ले मात्र पिचर ठरवून मागतो, आणि तो मागणार आहे हे मैदानावरच्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते.

पहिल्या बेसवर धावपटू आहे आणि दोनपेक्षा कमी बाद झाले आहेत, अशा वेळी इनफिल्डकडे, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांकडे, नीट पाहावे. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसमन आपली नेहमीची जागा सोडून काही पावले पुढे येतात आणि दुसऱ्या बेसच्या दिशेने सरकतात. असे केल्याने त्यांच्या बाहेरच्या बाजूंच्या फटी रुंदावतात आणि एरवी सहज अडवला गेला असता असा चेंडू निसटून जाऊ शकतो. हा धोका संघ पत्करतो तो पिचर चेंडू खाली ठेवील या विश्वासावर. चेंडू जमिनीवरून गेला, की पहिल्या बेसवरच्या धावपटूला मागून येणाऱ्या फलंदाजासाठी जागा रिकामी करावीच लागते, म्हणून त्याला बाद करण्यासाठी हातात चेंडू घेऊन दुसऱ्या बेसला पाय लावणे पुरते.

यासाठी वेळ किती मिळतो, हेही लक्षात घ्यावे. उजव्या हाताने खेळणारा सर्वसाधारण वेगाचा फलंदाज चेंडू मारल्यापासून पहिल्या बेसचे ९० फूट साधारण ४.३ सेकंदांत पार करतो. तेवढ्या वेळात चेंडू शॉर्टस्टॉपपर्यंत पोहोचायचा, तिथून दुसऱ्या बेसवर जायचा, अंगावर येणाऱ्या धावपटूला चुकवत सेकंड बेसमनने वळून तो पहिल्या बेसवर फेकायचा. स्कोअरबुकात याची नोंद ६-४-३ अशी होते, कारण शॉर्टस्टॉपचा क्रमांक ६, सेकंड बेसमनचा ४ आणि फर्स्ट बेसमनचा ३. चेंडू उसळत, रेंगाळत गेला तर दुसरा बाद हातचा जातो. म्हणून नुसता जमिनीवरचा चेंडू पुरत नाही; तो वेगाने आणि क्षेत्ररक्षकाच्या आवाक्यात जाणारा असावा लागतो.

जॉनचे मुख्य अस्त्र होते सिंकर, म्हणजे फलंदाजाजवळ येता येता खाली बसणारा चेंडू. डावखुऱ्या पिचरचा सिंकर खाली बसतानाच उजव्या फलंदाजापासून बाहेरच्या बाजूला सरकतो. फलंदाज बॅट फिरवतो तेव्हा चेंडू त्याच्या अंदाजापेक्षा दोन बोटे खाली आणि दोन बोटे लांब असतो, त्यामुळे बॅट चेंडूच्या वरच्या भागावर बसते आणि चेंडू शॉर्टस्टॉप किंवा थर्ड बेसमनकडे घरंगळतो.

डावखुरेपणाचे आणखी दोन फायदे आहेत आणि ते मला फार महत्त्वाचे वाटतात. चेंडू टाकण्याच्या पवित्र्यात डावखुऱ्या पिचरचे तोंड पहिल्या बेसकडे असते, त्यामुळे तिथल्या धावपटूला आगाऊ अंतर कापायला तो फारशी मोकळीक देत नाही आणि दुसऱ्या बेसवर धावपटू अर्ध्या पावलाने उशिरा पोहोचतो. शिवाय त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी संघ उजव्या हाताचे फलंदाज अधिक उतरवतो, आणि उजवा फलंदाज पहिल्या बेसपासून डाव्यापेक्षा पाऊलभर लांब उभा असतो. डबल प्लेचा निकाल अशा अर्ध्या-पाऊण पावलावरच लागतो.

आता आपल्या दुसऱ्या शंकेविषयी. संधी जास्त मिळाल्या हे खरेच, पण मेजर लीगमध्ये अशा संधींपैकी सरासरी दहात एकाचेच डबल प्लेमध्ये रूपांतर होते. केवळ धावपटू बेसवर असल्याने सहाशेचा पल्ला गाठता येत नाही. जॉनचे इतर आकडेही याच पद्धतीची साक्ष देतात. नऊ इनिंगमागे त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) सुमारे ४.३, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट पहिला बेस) सुमारे २.४, आणि साऱ्या कारकिर्दीत होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) फक्त ३०२, म्हणजे पंधरा-सोळा इनिंगमध्ये एक. असा पिचर एखादी साधी हिट देतो तेव्हा घाबरत नाही, कारण पुढच्या चेंडूवर होम रन बसण्याची भीती कमी आणि डबल प्लेची आशा जास्त असते. नोलन रायनची वाट अगदी वेगळी होती. ५७१४ स्ट्राइकआउट आणि २७९५ वॉक या त्याच्या दोन आकड्यांवरून कळते, की त्याने क्षेत्ररक्षकांवर शक्य तितके कमी काम सोपवले. दोन्ही वाटा खऱ्याच आहेत, पण जॉनच्या वाटेला पसारा आवरणे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

जुनीपाने यांचे उत्तर

सहाचारतीन यांनी सिंकरविषयी लिहिले ते मला मान्य आहे. तरीही हा आकडा एकट्या जॉनचा मानायला माझे मन तयार होत नाही, आणि त्याची कारणे त्याच्या कारकिर्दीतच सापडतात.

जॉन १९६५ ते १९७१ या काळात शिकागो व्हाइट सॉक्सकडे होता. त्यांच्या कोमिस्की पार्क मैदानाची निगा जीन बोसार्ड राखत असत. सिंकर टाकणारा पिचर असला, की होम प्लेटपुढची, म्हणजे फलंदाजासमोरची, माती ते भरपूर पाणी घालून मऊ ठेवत. पाहुणे संघ त्या पट्ट्याला बोसार्डची दलदल म्हणत. खाली मारलेला चेंडू त्या ओल्या मातीत आपटून अर्धा वेग गमावत असे. इथे एक बारकावा आहे. वेग गेलेला चेंडू अडवणे सोपे होते, हिट कमी होतात, पण डबल प्लेला वेगाचा चेंडू लागतो. म्हणजे त्या मातीने जॉनला बाद मिळवून दिले असतील, परंतु डबल प्लेंच्या बाबतीत तिने दिले जास्त की हिरावले जास्त, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पिचरच्या आकड्यामागे माती, गवत आणि माणसे किती असतात, हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण सुचत नाही.

पुढे डिक अ‍ॅलनच्या बदल्यात तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि तिथे स्टीव्ह गार्वी, डेव्ही लोप्स, बिल रसेल व रॉन से हे चौघे त्याच्या मागे उभे राहिले. १९७३ ते १९८१ इतका दीर्घ काळ एकत्र खेळलेले दुसरे इनफिल्ड मेजर लीगमध्ये झालेले नाही. वर्षानुवर्षे शेजारी खेळलेल्या शॉर्टस्टॉपला सेकंड बेसमनच्या छातीच्या कोणत्या बाजूला चेंडू द्यायचा, हे न पाहता कळते, आणि डबल प्लेमध्ये वाचणारा सेकंदाचा दशांश तिथेच वाचतो. न्यूयॉर्क यँकीजकडे गेल्यावर त्याला विली रँडॉल्फ आणि बकी डेंट ही जोडी मिळाली. तिथे त्याने १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२ सामने जिंकले.

दीर्घायुष्याचा भाग तर याहून मोठा आहे. १७ जुलै १९७४ रोजी माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध टाकताना त्याच्या डाव्या कोपराचा अस्थिबंध फाटला. त्या वेळी त्याच्या नावावर १३ विजय आणि ३ पराभव होते. त्या काळात ही दुखापत म्हणजे पिचरची निवृत्तीच. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला त्याच्या उजव्या हाताचा स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. १९७५ चा पूर्ण मोसम गेला, १९७६ मध्ये तो परतला, आणि २८८ पैकी १६४ विजय त्याने या शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आज त्या शस्त्रक्रियेलाच टॉमी जॉन सर्जरी म्हणतात. ती फसली असती तर डबल प्लेंचा हा डोंगर अर्ध्यावरच थांबला असता. आपण ज्याची चर्चा करत आहोत त्या आकड्यात एका शल्यविशारदाचाही वाटा आहे, असे मी अतिशयोक्ती न करता म्हणतो.

धावफलक यांचे उत्तर

दोघांचीही उत्तरे आवडली. नोंदींच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण विक्रम म्हणताना आपण काय मोजतो हे स्पष्ट असले पाहिजे.

पहिली गोष्ट, पिचरचे डबल प्ले या शीर्षकाखाली दोन निरनिराळे आकडे आढळतात आणि पुष्कळ वाचक त्यांची गल्लत करतात. क्षेत्ररक्षणाच्या तक्त्यातला आकडा पिचरने स्वतः चेंडू हाताळून भाग घेतलेल्या खेळींचा असतो. उदाहरणार्थ, चेंडू सरळ पिचरकडे आला, त्याने तो शॉर्टस्टॉपला दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून पहिल्या बेसवर गेला, म्हणजे १-६-३. अठरा गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा वार्षिक पुरस्कार) मिळवलेला ग्रेग मॅडक्स किंवा सोळा मिळवलेला जिम काट यांची थोरवी त्या तक्त्यात दिसते. पूर्वरंग यांनी विचारलेला आकडा वेगळा आहे. त्याच्या चेंडूवर फलंदाज जमिनीवरून चेंडू मारून डबल प्लेमध्ये सापडला, असा प्रसंग त्यात मोजला जातो, मग चेंडू कोणी का हाताळला असेना. हवेत मारलेला चेंडू झेलून धावपटूला बेसबाहेर पकडले, तर तो डबल प्ले खरा, पण या मोजणीत येत नाही.

दुसरी गोष्ट, फलंदाजांच्या बाजूने ही नोंद नॅशनल लीगमध्ये १९३३ पासून आणि अमेरिकन लीगमध्ये १९३९ पासून अधिकृतपणे ठेवली जाते. पिचरच्या बाजूने ती काढायची तर सामन्याची खेळीगणिक नोंद हाताशी हवी. १९८९ मध्ये सुरू झालेल्या रेट्रोशीट या उपक्रमाने जुनी स्कोअरबुके जमवून असे हजारो सामने उभे केले, म्हणून आज आपण जॉनविषयी बोलू शकतो. साय यंग ७३५६ इनिंग टाकून १९११ मध्ये थांबला, वॉल्टर जॉन्सनने १९२७ पर्यंत ५९०० हून अधिक टाकल्या. त्यांच्या काळाचा असा संपूर्ण हिशेब नाही. तेव्हा जॉनचा विक्रम नोंदी पूर्ण असलेल्या कालखंडाचा समजावा.

आता श्रेयाविषयी. पूर्वरंग यांच्या शंकेला उत्तम उत्तर फलंदाजांच्या यादीत आहे, असे मला वाटते. कारकिर्दीत सर्वाधिक वेळा डबल प्लेमध्ये सापडलेला फलंदाज आहे आल्बर्ट पुहोल्स, ४२६ वेळा. त्याच्याआधी हा विक्रम कॅल रिपकेनकडे होता, ३५० वेळा. हँक आरनही त्या यादीत बराच वर आहे. हे सुमार फलंदाज होते असे कोण म्हणेल? ते वीस-वीस वर्षे खेळले, आपल्या आधीच्या फलंदाजांनी भरलेल्या बेस पाहत मैदानात उतरले आणि चेंडू जोरात मारत राहिले. कारकिर्दीची बेरीज आधी संधी मोजते आणि मग गुणदोष. ही गोष्ट पिचरलाही तशीच लागू आहे. याचे टोकाचे उदाहरण २१ जुलै १९७५ चे. न्यूयॉर्क मेट्सचा जो टोरी त्या दिवशी एकाच सामन्यात चार वेळा डबल प्लेमध्ये सापडला, आणि चारही वेळा त्याच्या अगोदर फेलिक्स मियान हिट मारून बेसवर पोहोचला होता.

आणखी एक मुद्दा, जो मला न्यायाच्या दृष्टीने खुपतो. ऑफिशियल स्कोअररला, म्हणजे सामन्याची अधिकृत नोंद ठेवणाऱ्याला, डबल प्ले गृहीत धरता येत नाही, असा नियम आहे. समजा, शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसवर एकाला बाद केले, पण सेकंड बेसमनची पहिल्या बेसवरची फेक वाकडी गेली आणि फलंदाज वाचला. फेक सरळ असती तर डबल प्ले निश्चित होता, तरीही धावपटूला त्यामुळे जादा बेस मिळाला नसेल तर सेकंड बेसमनच्या नावावर चूक लागत नाही. पुढच्या फलंदाजाने होम रन मारला तर दोन्ही धावा पिचरच्या कमावलेल्या धावांत, म्हणजे त्याच्याच दोषाने झालेल्या मानल्या जाणाऱ्या धावांत, जातात. म्हणजे सिंकर टाकणाऱ्या पिचरला क्षेत्ररक्षकांची कसूर स्वतःच्या सरासरीत भरावी लागते. कसूर त्याच्या खात्यात जात असेल, तर घडलेल्या डबल प्लेंचा काही वाटाही त्याच खात्यात जायला हवा.

पूर्वरंग

तिघांचेही मनापासून आभार. शेवटचा मुद्दा वाचून माझे मत बरेच बदलले. पुहोल्सचे उदाहरण तर डोळ्यांसमोर असूनही मला सुचले नव्हते. आणखी एकच विचारतो. हा आकडा इतका बोलका असेल, तर जॉन हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, का नाही? आणि आजच्या काळात कोणी त्याच्या जवळपास जाऊ शकेल का?

जुनीपाने

हॉल ऑफ फेमविषयी मला खरोखर वाईट वाटते. बेसबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांच्या मतदानात तो पंधरा वेळा उभा राहिला आणि शेवटच्या वर्षी, २००९ मध्ये, त्याला ३१.७ टक्के मते मिळाली, लागतात ७५. डिसेंबर २०२४ मध्ये समितीपुढे त्याचे नाव पुन्हा आले तेव्हा १६ पैकी ७ मते पडली. त्याच वेळी निवडला गेलेला डिक अ‍ॅलन म्हणजे ज्याच्या बदल्यात जॉन डॉजर्सकडे आला होता, तोच.

मला खटकते ते असे. पिट्सबर्गचा सेकंड बेसमन बिल मॅझरॉस्की २००१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९६० च्या वर्ल्ड सिरीजचा निकाल लावणारा त्याचा होम रन सर्वांना आठवतो, पण त्याच्या निवडीमागे सेकंड बेसमन म्हणून केलेले १७०६ डबल प्लेही होते. चेंडू त्याच्या हातात थांबतच नसे, म्हणून त्याला नो हँड्स म्हणत. म्हणजे डबल प्लेच्या एका टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा त्यासाठी गौरव होतो आणि दुसऱ्या टोकाचा माणूस केवळ १२ विजयांनी तीनशेला मुकला म्हणून बाहेर राहतो. मॅझरॉस्कीचा मान योग्यच आहे. जॉनलाही तोच न्याय लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सहाचारतीन

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: हा विक्रम मोडणे आता जवळजवळ अशक्य आहे. मोसमाला २५ डबल प्ले धरले तरी सहाशेला २४ मोसम लागतात. जॉनने १९७९ मध्ये एका मोसमात २७६ इनिंग टाकल्या होत्या. २०२४ मध्ये साऱ्या मेजर लीगमध्ये केवळ चार पिचरांनी २०० चा टप्पा गाठला. शिवाय १९७० च्या दशकात एका संघामागे सामन्याला सुमारे ५ स्ट्राइकआउट होत, ते आता ८ च्या वर गेले आहेत. चेंडू बॅटला लागलाच नाही तर जमिनीवर येणार कुठून? २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन क्षेत्ररक्षक ठेवण्याची सक्ती झाली, त्यामुळे इनफिल्डची मनासारखी मांडणी करण्याची मोकळीकही कमी झाली.

तरी ही कला संपलेली नाही. झॅक ब्रिटनने २०१६ मध्ये बाल्टिमोरकडून सिंकरच्या जोरावर ४७ पैकी ४७ सामने राखले (शेवटी येऊन संघाची आघाडी टिकवली) आणि त्याच्याविरुद्ध मारलेल्या चेंडूंपैकी सुमारे ८० टक्के जमिनीवरून गेले. मला मात्र फ्रांबर व्हाल्डेझचा १ ऑगस्ट २०२३ चा सामना अधिक जवळचा वाटतो. ह्यूस्टनचा हा डावखुरा सिंकरवाला त्या दिवशी क्लीव्हलँडविरुद्ध नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता पूर्ण सामना, टाकत होता. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीलाच त्याने एका फलंदाजाला वॉक दिला. धावपटू पहिल्या बेसवर, कोणीच बाद नाही, म्हणजे पूर्वरंग यांनी सुरुवातीला सांगितलेला पसारा समोर उभा. त्याच इनिंगमध्ये डबल प्ले झाला आणि तो धावपटू पुसला गेला. सामना संपला तेव्हा व्हाल्डेझने ९३ चेंडू टाकले होते आणि त्याच्यासमोर आलेले फलंदाज मोजले तर बरोबर २७ भरले, म्हणजे नऊ इनिंगच्या प्रत्येकी तीन बादांना लागतात तेवढेच, एकही जास्त नाही.